ठिपक्यांच्या मधली जागा

प्रस्तावना

पोलादाला पाणी दिले की ते कडक होते, हे लोहाराला पूर्वापार ठाऊक आहे. अ‍ॅल्युमिनियमलाही असे पाणी देता येईल का, या प्रश्नाच्या मागे आल्फ्रेड विल्म हा जर्मन धातुशास्त्रज्ञ विसाव्या शतकाच्या सुरुवातीला लागला होता. अ‍ॅल्युमिनियममध्ये चारएक टक्के तांबे आणि अगदी थोडे मॅग्नेशियम घालून त्याने मिश्रधातू तयार केला, तो सुमारे पाचशे अंश सेल्सिअसपर्यंत तापवला आणि एकदम थंड केला. कडकपणा मोजला तेव्हा हाती विशेष काही लागले नाही. दोनेक दिवसांनी तोच तुकडा पुन्हा मोजला, तर तो चांगलाच कडक झालेला. मधल्या वेळात त्याला कोणी हातही लावला नव्हता. तो नुसता पडून होता. १९०६च्या सुमाराची ही गोष्ट. पुढे ड्युराल्युमिन या नावाने हा मिश्रधातू बाजारात आला, झेपेलिनच्या सांगाड्यांत आणि विमानांच्या पत्र्यांत गेला, तरी तो पडल्यापडल्या कडक का होतो याचा उलगडा तीस वर्षे झाला नाही. सूक्ष्मदर्शकातून पाहावे तर आधीच्या आणि नंतरच्या तुकड्यांत काहीच फरक दिसत नसे.

उलगडा झाला १९३८ साली, पॅरिसमध्ये आंद्रे गिनिए आणि इंग्लंडमधल्या टेडिंग्टन इथे जॉर्ज प्रेस्टन यांच्या हातून. दोघे स्वतंत्रपणे काम करत होते. दोघांची टिपणे ‘नेचर’ साप्ताहिकाच्या एकाच अंकात पाठोपाठच्या पानांवर छापली गेली. दोघांनीही अ‍ॅल्युमिनियम-तांबे मिश्रधातूवर क्ष-किरण सोडून फोटो घेतले होते. अ‍ॅल्युमिनियमच्या स्फटिकाचे ठिपके जिथे उमटायला हवेत तिथेच उमटले होते. पण त्यांच्या जोडीला पुसट रेघाही होत्या, आणि त्या वाटेल तशा पसरलेल्या नव्हत्या. स्फटिकाच्या घनाच्या कडांच्या दिशांनाच त्या धावत होत्या. क्ष-किरणांच्या चित्रात लांबीचा हिशेब उलटा असतो: वस्तू जितकी पातळ, तितकी तिची खूण लांब. म्हणजे घनाच्या फलकांना समांतर असे काहीतरी अत्यंत पातळ या धातूत तयार होत होते. तांब्याचे अणू अ‍ॅल्युमिनियमच्या जालकातल्या जागा न सोडता एकत्र येऊन चकत्या करत होते. चकतीची जाडी एखाददुसऱ्या अणूची आणि रुंदी शंभरेक अँगस्ट्रॉम, म्हणजे मिलिमीटरचा एक लक्षांश. तांब्याचा अणू अ‍ॅल्युमिनियमच्या अणूपेक्षा सुमारे दहा टक्क्यांनी लहान असतो, त्यामुळे चकतीच्या दोन्ही बाजूंचे थर तिच्याकडे ओढले जातात, आसपासचे जालक ताणले जाते, आणि धातू वाकताना एरवी सहज सरकणारे दोष तिथे अडतात. कडकपणा येतो तो या अडवणुकीतून. आज या चकत्यांना गिनिए-प्रेस्टन क्षेत्रे म्हणतात. राइट बंधूंच्या १९०३ सालच्या विमानाच्या इंजिनाचे आवरणही अ‍ॅल्युमिनियम-तांब्याचेच होते. १९९४ साली त्याच्या धातूची तपासणी प्रसिद्ध झाली, तेव्हा त्यातही याच चकत्या सापडल्याचे कळले. विल्मच्या शोधाआधीच हा गुण आकाशात जाऊन आला होता.

या पुस्तकाचा विषय त्या पुसट रेघा हा आहे. नेमके सांगायचे तर, स्फटिकांमधली अर्धवट अव्यवस्था आणि तिच्यामुळे क्ष-किरण, न्यूट्रॉन व इलेक्ट्रॉन यांच्या प्रकीर्णनात पडणारा फरक. पदव्युत्तर वर्गांना घन पदार्थांचे भौतिकशास्त्र शिकवताना मला सतत जाणवत आले आहे, की आपण विद्यार्थ्यांना ठिपके वाचायला चांगले शिकवतो. ठिपक्यांच्या मधली जागा वाचायला मात्र शिकवत नाही. ती जागा वाचता यावी, आणि तीही आपल्या भाषेत सलगपणे, एवढ्यासाठी हे लेखन केले आहे.

ठिपके येतात कुठून, हे आधी पाहू. १९१२ साली म्युनिकमध्ये माक्स फोन लाउए यांच्या कल्पनेवरून वॉल्टर फ्रीडरिश आणि पाउल क्निपिंग यांनी मोरचुदाच्या स्फटिकातून क्ष-किरण पाठवले आणि फोटोग्राफीच्या काचेवर ठिपके उमटले. पुढच्याच वर्षी विल्यम हेन्री ब्रॅग आणि त्यांचे चिरंजीव विल्यम लॉरेन्स ब्रॅग यांनी अशाच मोजणीवरून मीठ आणि हिरा यांची अणुरचना मांडली. तत्त्व साधे आहे. स्फटिकात अणूंचा एक लहान गट, म्हणजे एकक पेशी, तिन्ही दिशांना पुन्हा पुन्हा येतो. पेशीपेशीतून निघालेल्या लहरी बहुतेक दिशांना एकमेकींना खोडून टाकतात. मोजक्याच दिशांना त्या सगळ्या एकमेळाने येतात आणि तिथे प्रखर ठिपका पडतो. मिठाची एकक पेशी ५.६४ अँगस्ट्रॉमची. मिठाच्या मिलिमीटरभर कणाच्या एका कडेवर अशा साडेसतरा लाखांहून जास्त पेशी मावतात, आणि सबंध कणात पाचावर अठरा शून्ये मांडावीत इतक्या. एवढ्या प्रचंड संख्येचा मेळ बसल्यावरच ठिपका उमटतो, म्हणून तो इतका टोकदार असतो.

या मेळाची एक किंमत मोजावी लागते. ठिपक्यांच्या तीव्रतेवरून जी रचना निघते ती सगळ्या पेशींची सरासरी असते. सगळ्या पेशी तंतोतंत सारख्या असतील तर सरासरी आणि वस्तुस्थिती यांत अंतर राहत नाही. त्या सारख्या नसतील तर सरासरीत असे काही दिसू लागते जे स्फटिकात कुठेच नसते. लग्नातली पंगत डोळ्यांपुढे आणा. पाट सारख्या अंतरावर मांडलेले, रांगा सरळ. पाटांवर निम्मी माणसे वरपक्षाची, निम्मी वधूपक्षाची. ठिपके पाटांमधले अंतर अचूक सांगतील, आणि प्रत्येक पाटाबद्दल एवढेच म्हणतील की इथे अर्धे माणूस वरपक्षाचे आणि अर्धे वधूपक्षाचे बसले आहे. वरपक्षाची मंडळी घोळक्याने बसली आहेत, की शेजारी दुसऱ्या पक्षाचे माणूस येईल असे पाहून बसवली आहेत, की ज्याला जिथे जागा मिळाली तिथे तो टेकला आहे, हे सरासरीवरून कळणार नाही. कोणाच्या शेजारी कोण, याची नोंद ठिपक्यांच्या मधल्या जागेत असते.

ही नोंद वाचायची पहिली किल्लीही लाउए यांचीच. दोन जातींचे अणू जालकाच्या जागांवर पूर्णपणे स्वैर विखुरले असतील तर ठिपक्यांच्या मधली सगळी जागा मंद उजेडाने भरते, हे त्यांनी १९१८ साली दाखवले. त्या उजेडाला चढउतार नसतात. कोन वाढेल तसा तो फक्त हळूहळू मावळतो. त्याची तीव्रता दोन जातींच्या प्रकीर्णनक्षमतेतल्या फरकाच्या वर्गावर आणि त्यांच्या प्रमाणांच्या गुणाकारावर अवलंबून असते. म्हणजे हा उजेड जिथे सपाट नसेल, कुठे गोळा झाला असेल आणि कुठे विरळ, तिथे शेजाऱ्याशेजाऱ्यांत काही नाते आहे असे समजायचे. तीन भाग तांबे आणि एक भाग सोने यांच्या मिश्रधातूत हे छान दिसते. सुमारे ३९० अंशांच्या खाली सोन्याच्या अणूंच्या जागा ठरलेल्या असतात आणि त्यांचे स्वतःचे जादा ठिपके पडतात. त्याच्यावर तापवले की जागांची ही वाटणी मोडते, जादा ठिपके नाहीसे होतात. पण ते होते त्याच ठिकाणी पसरट, मऊ उजेड रेंगाळत राहतो. दूरवरचा नियम मोडला तरी सोन्याच्या अणूला सोन्याचा शेजार नको असतो, ही ओढ शिल्लक असते. ऑस्ट्रेलियाचे जॉन काउली यांनी १९५० साली हा उजेड मोजून प्रत्येक शेजारवर्तुळासाठी एकेक आकडा काढला: शून्य म्हणजे स्वैर मांडणी, ऋण म्हणजे परजातीचा शेजार, धन म्हणजे स्वजातीचा. मिश्रधातूंच्या अभ्यासात हे आकडे आजही वापरले जातात.

पुस्तकभर ज्याचा पाठपुरावा केला आहे तो मुद्दा इथे स्वच्छ मांडतो. अव्यवस्था म्हणजे नियमांचा अभाव, असे आपण न तपासता धरून चालतो. बहुतेक खऱ्या स्फटिकांत तसे नसते. नियम असतात, पण ते शेजारापुरते असतात; ते पाळूनही दूरवर असंख्य मांडण्या शक्य राहतात. ठिपक्यांना दूरवरचे कळते, मधल्या जागेला शेजारचे. आणि पदार्थाचा कडकपणा, विद्युतवहन, पाणी धरण्याची ताकद असे जे गुण आपल्या उपयोगी पडतात, ते पुष्कळदा शेजारावर ठरतात.

अव्यवस्थेचा दुसरा मोठा झरा म्हणजे उष्णता. अणू कधीच स्थिर नसतात, मग ठिपके टोकदार राहतात कसे? पीटर डिबाय यांनी १९१३ साली याचे उत्तर दिले आणि इव्हार वॉलर यांनी १९२३ साली ते सुधारले. कंपनांमुळे ठिपके रुंद होत नाहीत, फिके होतात. जी तीव्रता ठिपक्यांतून जाते ती हरवत नाही. ती ठिपक्यांच्या मध्ये जाऊन पडते. अणू एकेकटे हलत नसून लाटांच्या रूपात मिळून हलतात, म्हणून हा उजेडही सपाट नसतो. तो ठिपक्यांच्या आसपास दाट असतो, आणि ज्या दिशेने स्फटिक लवचीक असेल तिकडे लांबतो. त्याच्या आकारावरून स्फटिक कोणत्या दिशेने किती ताठ आहे हे काढता येते.

उष्णतेने आलेली अव्यवस्था आणि रचनेतच मुरलेली अव्यवस्था यांची खूण वरवर सारखी दिसू शकते. १९४०च्या दशकात यावरून मोठा वाद झाला आणि त्याचे एक टोक आपल्याकडे होते. बंगळूरला सी. व्ही. रामन आणि पी. नीलकंठन यांना हिऱ्याच्या चित्रांत नेहमीच्या ठिपक्यांखेरीज काही जादा, टोकदार खुणा आढळल्या. क्ष-किरणच जालकात कंपने चेतवतात आणि या खुणा त्यातून येतात, अशी रामन यांची मांडणी होती. त्याच सुमारास लंडनच्या रॉयल इन्स्टिट्यूशनमध्ये कॅथलीन लॉन्सडेल हिऱ्यांवरच काम करत होत्या. त्यांनी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी हिरे बदलून पाहिले, तापमान बदलून पाहिले. काही खुणा सगळ्याच हिऱ्यांत होत्या आणि तापमानाबरोबर कमीजास्त होत होत्या, त्या कंपनांच्या. दुसऱ्या अणकुचीदार खुणा ठरावीक जातीच्या हिऱ्यांतच होत्या आणि तापमानाला दाद देत नव्हत्या. त्या रचनेतल्या दोषांच्या. हे दोष म्हणजे घनाच्या फलकांना समांतर पसरलेले अतिशय पातळ पापुद्रे आहेत, असे चार्ल्स फ्रँक यांनी १९५६ साली दाखवले. रामन यांचा अर्थ टिकला नाही, पण निरीक्षण पक्के होते आणि त्यातून उठलेल्या वादामुळे जगभर लोक ठिपक्यांच्या मध्ये पाहू लागले. वादाच्या त्याच काळात, १९४३ साली, युद्धविरोधी भूमिकेमुळे नागरी संरक्षणाची नोंदणी नाकारून दंडही न भरल्याबद्दल लॉन्सडेल यांनी महिनाभर तुरुंगवास भोगला. १९४५ साली रॉयल सोसायटीने पहिल्यांदा ज्या दोन स्त्रियांना सभासद करून घेतले, त्यांत त्या होत्या. त्यांची पद्धत आजही पहिला धडा म्हणून शिकवावी अशी आहे: खुणेचा अर्थ लावण्याआधी तापमान बदलून पाहा.

नियम शेजारापुरता आणि शक्यता असंख्य, याचे माझ्या मते सर्वांत देखणे उदाहरण म्हणजे साधा बर्फ. बर्फात प्रत्येक ऑक्सिजनला चार ऑक्सिजन शेजारी असतात, सुमारे २.७६ अँगस्ट्रॉमवर, आणि प्रत्येक जोडीच्या मध्ये एक हायड्रोजन. तो मधोमध बसत नाही. दोघांपैकी एकाच्या जवळ, सुमारे एका अँगस्ट्रॉमवर राहतो. जॉन बर्नाल आणि राल्फ फाउलर यांनी १९३३ साली नियम सांगितला: प्रत्येक ऑक्सिजनजवळ दोनच हायड्रोजन असावेत, बाकीचे दोन लांब. लायनस पाउलिंग यांनी १९३५ साली हा नियम पाळून किती मांडण्या होतात ते मोजले. हिशेब कागदाच्या पाठीवर करण्याजोगा आहे. चारांतून दोन जवळचे निवडायचे म्हणजे प्रत्येक रेणूला सहा पर्याय. पण प्रत्येक जोडणीबाबत दोन्ही टोकांचे मत जुळायला हवे. ते जुळण्याची शक्यता निम्मी, आणि प्रत्येक रेणूच्या वाट्याला जोडण्या दोन. म्हणजे सहाला चाराने भागायचे: प्रत्येक रेणूमागे दीड मांडणी. रेणूंची संख्या कल्पनेपलीकडची असल्यामुळे या दीडाचा घात अवाढव्य होतो, आणि बर्फ कितीही थंड केला तरी त्यात थोडी एंट्रॉपी अडकून राहते. पाउलिंग यांच्या हिशेबाने ती प्रत्येक मोलला, दर अंशाला ३.३७ जूल यायला हवी. विल्यम जियाक आणि जे. डब्ल्यू. स्टाउट यांनी १९३६ साली मोजली ती ३.४च्या आसपास भरली.

क्ष-किरणांना हायड्रोजन जवळजवळ दिसत नाही, न्यूट्रॉनला दिसतो. जड पाण्याच्या बर्फावर १९४९ साली अमेरिकेत अर्नेस्ट वोलन, विल्यम डेव्हिडसन आणि क्लिफर्ड शल यांनी न्यूट्रॉन सोडले, तेव्हा ठिपक्यांवरून काढलेल्या रचनेत प्रत्येक जोडणीवर दोन जागा दिसल्या आणि प्रत्येक जागेत अर्धा अणू. अर्धा अणू अर्थातच कुठे नसतो. ती सरासरीची भाषा झाली. दोन जवळ, दोन लांब हा खरा नियम दिसतो तो ठिपक्यांच्या मधल्या न्यूट्रॉनच्या उजेडात, आणि तिथे त्याला ठळक, ओळखता येण्याजोगे आकार असतात. हाच नियम पुढे होल्मियम टायटेनेटसारख्या चुंबकीय स्फटिकांत सापडला. तिथे हायड्रोजनच्या जागी अणूंचे चुंबकत्व असते, दोन आत वळलेले आणि दोन बाहेर. म्हणून त्यांना स्पिन-बर्फ म्हणतात. न्यूट्रॉनच्या या कामाची परंपरा आपल्या दाराशी आहे. पी. के. अय्यंगार यांनी कॅनडातल्या चॉक रिव्हरला बर्ट्रम ब्रॉकहाउस यांच्याबरोबर काम केले आणि परत येऊन तुर्भ्याच्या अणुभट्ट्यांवर न्यूट्रॉन प्रकीर्णनाचा पाया घातला. १९८५ साली सुरू झालेल्या ध्रुव अणुभट्टीवर अशा प्रयोगांची उपकरणे बसवलेली आहेत.

अव्यवस्थेचा तिसरा प्रकार थरांचा, आणि त्यात महाराष्ट्राच्या जमिनीचाही वाटा आहे. आधी धातूचे उदाहरण घेऊ. कोबाल्टमध्ये अणूंचे थर एकावर एक खोबणीत बसतात. प्रत्येक नव्या थराला दोन प्रकारच्या खोबणींपैकी एक निवडायची असते. सुमारे ४२० अंशांच्या खाली कोबाल्ट घनरचना सोडून षट्कोनी रचना घेतो, पण थर लावताना अधूनमधून चुकतो. १९४२ साली इंग्लंडमध्ये ए. जे. सी. विल्सन यांनी याचा हिशेब मांडला. कोबाल्टच्या भुकटीच्या चित्रात काही रेघा अगदी बारीक होत्या आणि काही पसरट, आणि त्यामागे साधे सूत्र निघाले: रेघेच्या पहिल्या दोन निर्देशांकांतल्या फरकाला तीनने भाग जात असेल तर रेघ बारीक, जात नसेल तर पसरट. कारण चुकलेला थर बाजूला सरकतो तो नेमका एकतृतीयांश अंतराने. ज्या लहरींना हे सरकणे पूर्ण तरंगलांबीइतके पडते त्यांना चूक झाल्याचे कळतच नाही, बाकीच्यांना कळते. एकाच भुकटीतल्या काही रेघा बारीक आणि काही पसरट असणे, यातच चुकीची जात लिहिलेली असते.

कार्बनमध्ये याच्याही पुढचा टप्पा दिसतो. ग्राफाइटचे थर नीट रचलेले असतील तर त्यांच्यातले अंतर ३.३५४ अँगस्ट्रॉम असते. काजळी आणि कोळशापासून केलेल्या कार्बनमध्ये थर समांतर असतात, पण एकमेकांच्या तुलनेत वाटेल तसे फिरलेले. बर्ट्रम वॉरन यांनी १९४१ साली दाखवले की अशा कार्बनची काही शिखरे दोन्हीकडे सारखी उतरत नाहीत; कमी कोनाकडून ती एकदम चढतात आणि जास्त कोनाकडे सावकाश ओसरतात. रोझलिंड फ्रँकलिन यांचे नाव डीएनएशी जोडले जाते, पण त्याआधी त्या कोळशाच्या आणि कार्बनच्या जाणकार होत्या. अशा फिरलेल्या थरांतले अंतर ३.४४ अँगस्ट्रॉम असते हे त्यांनी मोजले. काही कार्बन तापवल्यावर ग्राफाइट होतात आणि काही कितीही तापवले तरी होत नाहीत, असे दोन वर्ग त्यांनी १९५१ साली पाडले. आज लिथियम बॅटऱ्यांत पहिल्या वर्गातला ग्राफाइट वापरतात, तर सोडियम बॅटऱ्यांसाठी दुसऱ्या वर्गातल्या, कायम अव्यवस्थित राहणाऱ्या कार्बनवर भर आहे. ग्राफाइटच्या नीट रचलेल्या थरांत सोडियम फारसा शिरत नाही; या विस्कटलेल्या कार्बनमध्ये त्याला जागा मिळते.

आता काळी जमीन. दख्खनच्या बेसॉल्टपासून झालेली ही जमीन पावसात फुगते आणि उन्हाळ्यात भेगाळते, कारण तिच्यातली चिकणमाती मुख्यतः स्मेक्टाइट जातीची असते. तिचे थर कोरडे असताना सुमारे १० अँगस्ट्रॉमवर असतात. मध्ये पाण्याचा एक पदर शिरला की १२ ते १२.५, दोन पदर शिरले की १५च्या आसपास. प्रयोगशाळेत ओळख पटवण्यासाठी मातीला ग्लायकॉलची वाफ देतात. शिखर १७ अँगस्ट्रॉमवर सरकले की स्मेक्टाइट आहे असे समजते. पण मातीत एकाच जातीचे थर सलग क्वचितच लागतात. दोन थर स्मेक्टाइटचे, मग एक केओलिनचा, पुन्हा एक स्मेक्टाइटचा, असा क्रम लागतो. सह्याद्रीच्या पट्ट्यातल्या बेसॉल्टच्या जमिनींत नागपूरच्या राष्ट्रीय मृदा सर्वेक्षण संस्थेच्या अभ्यासकांनी असे मिश्रथर नोंदवले आहेत. शुद्ध खनिजाची शिखरे एक, निम्मे, एकतृतीयांश अशा ठरावीक अंतरांवर येतात. मिश्रथरांची या प्रमाणांतून ढळतात आणि फुगतात. किती ढळली आणि किती फुगली यावरून थरांचे प्रमाण आणि क्रम काढण्याचे गणित स्टर्लिंग हेंड्रिक्स आणि एडवर्ड टेलर यांनी १९४२ साली दिले. जमीन किती पाणी धरेल आणि किती भेगाळेल हे या थरांवर अवलंबून असते. त्यामुळे चित्रातला हा बेढबपणा शेतीच्या दृष्टीने मोलाची माहिती आहे.

गेल्या काही दशकांत या विषयाचा वेग वाढला, त्याचे श्रेय उपकरणांना आणि संगणकाला. ठिपक्याच्या तुलनेत मधला उजेड सहसा हजारो पटींनी मंद असतो. सिंक्रोट्रॉनचे प्रखर क्ष-किरण आणि एकेक फोटॉन मोजणारे शोधक आल्यावर तो मिनिटांत टिपता येऊ लागला. आपल्याकडे इंदूरच्या इंडस-२ सिंक्रोट्रॉनवर अशा किरणांची सोय आहे. ऑस्ट्रेलियात कॅनबेरा इथे रिचर्ड वेल्बेरी यांनी संगणकात अव्यवस्थित स्फटिक रचून, त्यांचे चित्र काढून, ते खऱ्या चित्राशी पडताळत जाण्याची पद्धत कसाला लावली. २०१२ साली थॉमस वेबर आणि आर्काडी सिमोनोव्ह यांनी फक्त मधला उजेड घेऊन त्यातून शेजारसंबंधांचा त्रिमिती नकाशा थेट काढण्याची रीत मांडली. प्रशियन ब्लू हा तीनशे वर्षांपूर्वीचा निळा रंग. त्याच्या कुळातल्या संयुगांत अनेक जागा रिकाम्या असतात, आणि त्या स्वैर रिकाम्या असाव्यात असे दीर्घकाळ धरले जाई. २०२० साली त्यांच्या एकसंध स्फटिकांच्या मोजणीतून दिसले की रिकाम्या जागा नियम पाळून पसरलेल्या आहेत, आणि स्फटिक कसा वाढवला यावर तो नियम बदलतो. वायू साठवणाऱ्या आणि बॅटरीत वापरायच्या पदार्थांत या रिकाम्या जागांतूनच वाट काढायची असते, म्हणून हे महत्त्वाचे. प्रथिनांच्या स्फटिकांतही मधल्या उजेडावरून रेणूचे कोणते भाग मिळून हलतात हे काढण्याचे काम जोरात चालू आहे.

या सगळ्या उत्साहाबरोबर सावधपणाही हवा, आणि त्यासाठी पुस्तकात एक स्वतंत्र प्रकरण आहे. ठिपक्यांच्या मध्ये जे दिसते ते सगळे स्फटिकाचे नसते. हवा किरण विखुरते, नमुना ज्यावर चिकटवला ती काच विखुरते, कॉम्प्टन प्रकीर्णन असते, काही अणू स्वतःच प्रतिदीप्त होतात. हे सगळे बाजूला काढल्याशिवाय अर्थ लावू नये. त्याहून खोल अडचण अशी, की मधल्या उजेडात मुख्यतः दोनदोन अणूंमधल्या संबंधांची नोंद असते. तिघाचौघांमधल्या संबंधांची थेट नसते. त्यामुळे आतून वेगळ्या असलेल्या दोन मांडण्यांचे चित्र अगदी सारखे येऊ शकते. प्रारूप चित्राशी जुळले म्हणजे ते खरे ठरले, असे या विषयात म्हणता येत नाही. रसायनाची समज, ऊर्जेचा हिशेब आणि एखादी वेगळी मोजणी यांचा आधार घ्यावाच लागतो.

पुस्तकाची मांडणी याच क्रमाने आहे. पहिल्या भागात सरासरी आणि तिच्यापासूनचे विचलन यांचे गणित आहे. फूरिए रूपांतर आणि संमिश्र संख्या यांची तोंडओळख असलेल्या बी.एस्सी.च्या विद्यार्थ्याला ते झेपावे अशा बेताने लिहिले आहे. दुसऱ्या भागात जागांची अदलाबदल, उष्णतेची कंपने आणि थरांच्या चुका या तीन प्रकारांची एकेक उदाहरणे तळापर्यंत सोडवली आहेत. तिसरा भाग आजच्या पद्धतींचा आणि त्यांच्या मर्यादांचा. प्रत्येक प्रकरणाच्या शेवटी संगणकावर करायचे स्वाध्याय आहेत. शंभर बाय शंभर जागांचा चौरस घ्या, त्यात दोन जातींचे अणू स्वैर भरा, रूपांतर काढा. मग शेजाऱ्यांसाठी एक नियम लावा आणि पुन्हा काढा. साध्या लॅपटॉपवर हे क्षणात होते, आणि नियम बदलताच मधला उजेड कसा आकार घेतो ते डोळ्यांना दिसते. गणित अवघड वाटले तर आधी हे स्वाध्याय करावेत आणि मग मागे येऊन समीकरणे वाचावीत. हा क्रम मला जास्त फळणारा वाटतो.

हे पुस्तक ज्यांच्या हातात जावे असे मनापासून वाटते, ते आहेत महाराष्ट्रातल्या महाविद्यालयांत आणि विद्यापीठांत भुकटीच्या विवर्तनमापकावर रोज काम करणारे विद्यार्थी आणि शिक्षक. त्यांना दोनच गोष्टी सांगायच्या आहेत. एक, मूळ मोजणी, पार्श्वभूमी वजा न करता, जपून ठेवा. आज जी नकोशी वाटते तिच्यात उद्याचे उत्तर असू शकते. दुसरी, रेघ पसरट दिसली की नमुना खराब असा शेरा लगेच मारू नका. कोणत्या रेघा पसरट आहेत आणि कोणत्या नाहीत हे आधी लिहून काढा, त्यांचे निर्देशांक शेजारी मांडा, तापमान बदलून पुन्हा मोजा. एवढ्याने प्रश्न सुटेलच असे नाही. पण तो कोणता प्रश्न आहे हे नक्की कळेल, आणि संशोधन तिथून सुरू होते.